आखणी राहिलेला गणपती

मी, जनाबाई महिपत पाष्टे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार खालची वाडी, हेदवी, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. हात थरथरतो म्हणून मी सांगते आणि शेजारच्या ज्ञानेश्वरीबाई लिहितात. मध्येच थांबून म्हणतात, "काकी, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी म्हटलं, लिहा हो, मरणार मी आहे.

कलम १. माझे पती महिपत धाकू पाष्टे दिनांक २९ ऑगस्ट २०२४ रोजी वारले. चतुर्थीला नऊ दिवस राहिले होते. आज माझ्या नावावर जे आहे ते सगळं त्यांच्या कष्टाचं. मुलांनी हक्क सोडून ते माझ्या नावावर करून दिलं, एवढंच. म्हणून आधी ह्यांचं लिहून घ्या.

ह्यांनी एक्केचाळीस वर्षं गणपती केले, शाडूच्या मातीचे. नागपंचमीच्या सुमाराला माणसं आपापल्या घरचा पाट आणून द्यायची आणि त्या पाटावर त्या घरचा गणपती बसायचा. पाटाच्या कडेवर हात फिरवून हे घर सांगायचे, नाव वाचायला लागायचं नाही. बाकीचं वर्ष होड्यांवर नावं रंगवली, चिऱ्याच्या भिंती रचल्या. मुलीच्या डी.एड.साठी दोन उन्हाळे दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत माकडं हाकलत राहिले. अंगात ताप असला तरी घरी बसले नाहीत. त्या दिवशी जेवून म्हणाले, "गो, जरा पाठ टेकतो. चार वाजता उठव." मी चार वाजता उठवायला गेले.

मी रडले नाही. ह्यांना नेल्यावर ह्यांच्या गणपतीच्या शेडमध्ये जाऊन उरलेल्या मातीच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकून आले, सुकेल म्हणून. सुतकात तिथे हात लावू नये हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बायका म्हणाल्या, जनी दगड झाली. झाले असेन. आता अकरा महिने होतील. जेवते, झोपते, टीव्ही लावते. आत काही हलत नाही. डॉक्टर म्हणाले तुमचं हृदय मोठं झालंय, तेव्हाही काही वाटलं नाही.

कलम २. राहतं घर, परसातले सात माड आणि विहिरीतला निम्मा वाटा माझा मुलगा ओमकार याला द्यावा. घराच्या छपराची कौलं दर मे महिन्यात काढून, चाळून परत लावावी लागतात. माणूस मिळत नाही म्हणून पत्रे टाकू नयेत, आतमध्ये भाजून निघाल.

कलम ३. माझ्या चार बांगड्या, मंगळसूत्र आणि बँकेत असेल ती रक्कम मुलगी नम्रता हिला. तिने बापासाठी माझ्या वाटचंही रडून घेतलं.

कलम ४. पूर्वेकडचा हद्दीचा दगडी गडगा माझे चुलत दीर देवदत्त भावजींनी वीस वर्षांपूर्वी हातभर आत सरकवला. ते आज साक्षीदार म्हणून माझ्यासमोर बसलेत आणि जमिनीकडे बघतायत. गडग्यावरून माझ्यामागे कोणी भांडू नये. पण गडग्याला लागून असलेला फणस आमचा आहे, हे त्यांनी सही करताना लक्षात ठेवावं.

कलम ५. ह्यांची सगळी अवजारं, मातीची कोरणी, रंगांचे डबे आणि ब्रश शिवा भुवड याला द्यावेत. एक ब्रश सोडून. त्याचं पुढे सांगते. हा शिवा ह्यांच्या हाताखाली शिकला आणि मग प्लास्टरचे गणपती विकायला वेगळा झाला. चौदा वर्षं हे त्याच्याशी बोलले नाहीत. बाजारात दिसला की रस्ता बदलायचे. हे गेले तेव्हा शेडमध्ये लोकांचे त्रेसष्ट गणपती रंगाविना होते आणि सुतकात आम्हाला कोणाला शिवता येईना. तिसऱ्या दिवशी शिवा टेम्पो घेऊन आला. अंगणाच्या बेड्यात, फाटकाशीच उभा राहून म्हणाला, "वैनी, पाट लोकांचे हायत. मी नेतो." मी म्हटलं, ने. त्याने आठवडाभरात त्रेसष्टही रंगवून घरोघर पोचवले. कोणाकडून रुपया घेतला नाही. ह्यांना हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते, मला सांगता येत नाही. बहुतेक काहीच नाही. तसेच होते.

कलम ६. शेड. हिला सगळे गणपतीची शाळा म्हणतात. ओमकारला ती पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. त्याचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण शेडमध्ये एक गणपती उरला आहे, आमच्या घरचा, आमच्या पाटावर. सुतकामुळे तो बसवला नाही. रंग झाला आहे, डोळ्यांची आखणी तेवढी राहिली आहे. शिवा म्हणाला होता, मी करून देतो. मी त्याला म्हटलं, ते काम तुझं नव्हे.

ओमकार, हे तुला तोंडावर सांगणं माझ्याच्याने झालं नाही, म्हणून इथे लिहिते. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतास. एका गणपतीचे डोळे तू हौसेने आखलेस, आणि ह्यांनी चार माणसांत ओल्या फडक्याने ते पुसून टाकले. "देवाला तिरळा करून ठेवलास," म्हणाले. आठवड्याने तू मुंबईला गेलास. चतुर्थीला येत राहिलास, पण शेडमध्ये पाऊल टाकलं नाहीस.

आपल्या घरचा गणपती दरवर्षी सगळ्यांत शेवटी का व्हायचा, तुला माहीत नाही. तू म्हणायचास, बापाला जगाची काळजी, घरची नाही. अरे, तो आधीच तयार असायचा. हे फक्त डोळे ठेवायचे. आदल्या दिवशी तुझी गाडी यायची त्या वेळी रंग कालवून, ब्रश वाटीवर आडवा ठेवून बसायचे. तू अंघोळ करून, जेवून मित्रांकडे जायचास. मी म्हणायचे, हाक मारा की. म्हणायचे, "त्याला वाटलं तर येईल." अंधार पडायला लागला की स्वतः आखून टाकायचे. सतरा वर्षं. मीही तुला एकदा सांगितलं नाही. ती चूक माझी.

तर अट अशी. माझं सुतक फिटल्यावर येणाऱ्या पहिल्या चतुर्थीला ओमकारने त्या गणपतीचे डोळे स्वतःच्या हाताने आखावेत. आखणीचा ब्रश वाटीत ठेवला आहे. मग दीड दिवस पूजा करून पऱ्याच्या वाहत्या पाण्यात विसर्जन करावं. त्यानंतर शेड त्याची. पाडो, विको, खोल्या बांधो. त्याने हे केलं नाही, तर शेड शिवाची.

डोळे वाकडे आले तरी चालतील. पुसणारे आता नाहीत.

हे सगळं मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. खाली माझी सही, आणि आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या म्हणून साक्षीदारांच्या सह्या.

जनाबाई महिपत पाष्टे

साक्षीदार:
१. देवदत्त रामचंद्र पाष्टे (फणस मान्य)
२. ज्ञानेश्वरी विनायक जोगळेकर, निवृत्त शिक्षिका

ठिकाण: हेदवी
दिनांक: १४ जुलै २०२५