पायऱ्यांकडची भिंत

शिनोली,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

अकबरचाचांना,

यशोधराचा जय भीम आणि सलाम. चाचींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. आबांची तब्येत बरी आहे, जेवण तेवढं कमी झालंय.

पत्र बघून हसाल. पण तुम्ही केलेल्या टँकच्या गिलाव्यावरून गेल्या आठवड्यात फोनवर जे बोलले, त्यानंतर फोन करायला तोंड राहिलं नाही. 'पाहुण्यांची पोरं पोहायला येतात आणि पाय सोलून घरी जातात, तुम्ही फसवलंत, सगळा टँक आता दुसऱ्याकडून फोडून घेते!' तुम्ही नुसतं 'बरं बेटा' म्हणालात. तुमच्यासारखा भांडखोर माणूस गप्प बसतो म्हणजे काय? तेव्हापासून मला राहवेना.

परवा टँक रिकामा केला आणि रुपयाचं नाणं घेऊन आत उतरले. चारी भिंती वाजवून पाहिल्या. तीन खणखणीत. पायऱ्यांकडची मात्र बद्द वाजते, हात फिरवला की पांढरी भुकटी निघते. सिमेंट एक, काम करणारी माणसं एक, मग एकाच भिंतीला काय झालं?

आबा काठावर बसले होते. मी काही विचारलंही नव्हतं.

"येसू, त्यो पायऱ्यांकडचा गिलावा काढ. बाकीला हात लावू नको. बाकी अकबरचं काम हाय."

"तुमाला कसं कळलं?"

"कळतंय," म्हणाले आणि उठून घरात गेले.

काल सकाळी ऊन तिरकं असताना पुन्हा उतरले. भिंतीवर थापीचे फेर स्पष्ट दिसत होते. तीन भिंतींवर एका बाजूला वळलेले, पायऱ्यांकडे नेमके उलटे. तुमच्या माणसांत डावखुरा कोणी नाही. आमच्या घरात एकच आहे, ज्यांच्या हाताखाली तुम्ही गवंडीकाम शिकलात आणि ज्यांना अजून उस्ताद म्हणता. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. आणि ज्या दोन दिवसांत तुमचं गिलाव्याचं काम चाललं होतं, तेव्हा मी नारायणगावला लग्नात मिरवत होते.

चाचा, थापी त्यांनी मागितली, की तुम्ही आपणहून दिलीत? मला खरंच जाणून घ्यायचंय. त्यांना विचारायचा धीर होत नाही. माझ्या शिव्या तुम्ही का खाल्ल्या, ते मात्र आता विचारत नाही. मी चुकले. फार वाईट वाटतंय.

गुरुवारी या आणि तेवढी एक भिंत नव्याने करा. आबांसाठी काठावर खुर्ची टाकते. ते तुमच्या कामात चूक शोधतील. एखादी मुद्दाम ठेवा.

तुमच्या उस्तादांची मुलगी,
यशोधरा