माझ्या कबरीवर कोणी आभार मानू नयेत याविषयी

हे मृत्युपत्र लिहायला मी तीन दिवस टाळाटाळ केली. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिळालं, तर डोक्यावरचा पंखा कितव्या फेरीला कुरकुरतो ते बघत बसलो (सातव्या). काल सरळ झोपून राहिलो. उद्या सकाळी ऑपरेशन आहे आणि डॉक्टर म्हणाले, "निम्मं-निम्मं धरा." म्हणून आज लिहितो.

मी, खाली सही करणार, वय चोवीस, धंदा उंच चिमण्या आणि पाण्याच्या टाक्या रंगवणे, कायमचा पत्ता नाही, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गोळ्या चालू आहेत, पण त्या कमरेच्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आयुष्यातला असा हा पहिलाच आठवडा. मी ख्रिस्ती आहे आणि ख्रिस्तीच मरणार, हेही नोंदवतो, कारण पुढचं वाचून काही जण उलटं बोलतील.

कलम एक. माझे कमरेचे दोन पट्टे, लोखंडी आकडे आणि सगळे ब्रश दोरीवाल्याला द्यावेत. दोरीवाला म्हणजे खाली उभा राहून माझी दोरी धरणारा. मी पडलो तेव्हा दोरी सरकत गेली, पण त्याने ती सोडली नाही, तळहातांची सालं निघाली तरी. मी शेडच्या पत्र्यावर आदळलो आणि तोंडातून पहिलं काय निघालं, तर "उपकार, प्रभू." तो ओरडला, "आभार नंतर मान रे गाढवा, आधी पाय हलव!" पाय हलले नाहीत.

कलम दोन. माझे बूट थोरल्या भावाला. डाव्याचा तळ गेलेला आहे. लहानपणी त्याने बॅटने माझा दात पाडला होता आणि वडिलांनी मलाच त्याचे आभार मानायला लावले होते, की त्याच्यामुळे मला सहनशीलता मिळाली. आता त्याने फाटके बूट घालून सगळ्या मंडळीपुढे माझे आभार मानावेत. पायाला चिखल लागेल, तेवढीच सहनशीलता.

कलम तीन, वडील. ते मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पाळक आहेत. आमच्या घरचा नियम असा, की काही सांडलं, फुटलं, पडलं, की आधी दोन्ही हात जोडून "उपकार, प्रभू" म्हणायचं, मगच उचलायचं. दूध उतू गेलं तरी आधी हात. गॅस नंतर. मी सात वर्षांचा असताना अकरा महिन्यांची बहीण तापाने गेली. तिसऱ्या दिवशी वडिलांनी आईला चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांपुढे देवाचे आभार मानायला, उभं केलं. ती बोलेना. "बोल," ते म्हणाले, अगदी मायेने. सगळे वाट बघत होते. पहिल्या बाकावरच्या एका बाईंनी घड्याळ बघितलं. शेवटी आई म्हणाली, "तू तिला नेलंस म्हणून उपकार." लोक आमेन म्हणाले. वडिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले. त्या दिवसापासून आई घरात जवळजवळ बोलत नाही. मीठ हवं असलं तर बोट दाखवते. वडिलांशिवाय ती कधी फाटकाबाहेरही गेलेली नाही.

मी सतराव्या वर्षी पळालो, पण सवय बरोबर आली. गेल्या आठवड्यात टाकीवर एका कडीतून आकडा काढून दुसऱ्या कडीत घालत होतो. त्या क्षणी माणूस फक्त हातावर असतो. तेवढ्यात रंगाचा डबा कलंडला आणि माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले.

उपकारस्तुतीशी माझं भांडण नाही. सकाळी टाकीच्या कठड्यावर बसलं की खालच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकताना दिसतं. आधी झटका दिसतो, फटका मागून ऐकू येतो. ते बघून माझ्या तोंडून कितीदा तरी आभार निघाले आहेत, कोणी न सांगता. ते देवाला पोचले असतील. बाकीचे वडिलांना पोचले. असो, भरकटलो.

काल वडिलांचा फोन आला.

"पाय कसे आहेत" नाही. "आभार मानलेस का?"

"बाबा, मी मरेन कदाचित."

"म्हणूनच विचारतो. रविवारी मी मंडळीत तुझ्या पडण्याबद्दल उपकार मानले. तू नम्र झालास. आणि वेळ आलीच, तर आईही साक्ष देईल. मी तिच्याकडून पाठ करून घेतोय."

म्हणून हे मृत्युपत्र. बाकी सामान कोणी नेलं तरी चालेल, हे एक कलम मोडता कामा नये.

कलम चार. माझ्या दफनाच्या वेळी माझ्या मरणाबद्दल कोणीही देवाचे आभार मानू नयेत. वडिलांनी तोंड उघडल्यास दोरीवाल्याने त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढावे. थोडं लागलं तर लागू द्यावे. आईला काहीही पाठ करायला लावू नये. तिला रडायचं असेल तर रडेल, देवाला जाब विचारायचा असेल तर विचारेल, गप्प बसायचं असेल तर कोणी घड्याळ बघू नये.

कलम पाच. वडिलांना काहीही देत नाही. त्याबद्दल त्यांनी उपकार मानावेत.

साक्षीदार पहिले: शेजारच्या खाटेवरचे निवृत्त पोस्टमनकाका. साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही, हे मी त्यांची सही झाल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या त्या फाटक्या बुटांवर डोळा होता होय माझा?" साक्षीदार दुसऱ्या: दुपारपाळीच्या नर्सबाई.

सही माझी. पुरुषांचा वॉर्ड, खाट अकरा. सतरा तारीख, गुरुवार, दुपारचे तीन.

सही झाल्यावर लिहितो. नर्सबाई आत्ताच धावत आल्या. "खाली एक बाई आल्यात. एकट्याच. तुमची आई म्हणतात. आधी डॉक्टरांना बोलल्या, मग खाली बसून असलेल्या तुमच्या दोरीवाल्याला, आता वर छताकडे बघून बोलतायत."

"काय बोलतायत?"

"मला सांगायची लाज वाटते. गप्प करू का त्यांना?"

नको म्हणालो. दार उघडं ठेवायला सांगितलं. आवाज जिन्यातून वर येतोय. मी तो ओळखलाच नाही.