शिळा न होणारा काप

३ तारीख, सोमवार

आलो एकदाच्या! दोन खोल्या, एक गच्ची आणि खाली लाँड्री, त्यामुळे फरशी कायम कोमट. थंडीच्या दिवसांत यापेक्षा मोठी चैन नाही. घरात पाऊल टाकल्यापासून चिमणीने तोंड मिटलेलं नाही. लाँड्रीवाल्या काकूंना तिने पहिल्याच तासात आमची सगळी माहिती देऊन टाकली, बाबा पुढच्या महिन्यात येणार इथपासून आई घोरते इथपर्यंत. पाच वर्षांची पोर, पण बोलून बोलून माझे कान किटवते. दिवसातून दहा वेळा गप्प बस म्हणते, तिच्यावर ढिम्म परिणाम नाही.

प्रयोगशाळा लहान आहे. मोठ्या बाई, त्यांच्या हाताखाली यंत्रं सांभाळणारे काका आणि आता मी. दाराशी अंगठ्याने हजेरी लावायचं यंत्र आहे, पण ते दोघं कार्ड दाखवून आत जातात. त्यांचे अंगठे यंत्राला ओळखू येत नाहीत म्हणे. रसायनांनी रेषा झिजल्या असतील. माझा अंगठा पहिल्या झटक्यात घेतला, तेव्हा काका म्हणाले की नवीन आहे, घेईल.

५ तारीख, बुधवार

आज पहिली पट्टी कापली. दिसायला साधं रबर. ब्लेडने दोन तुकडे करायचे, कापलेल्या कडा एकमेकींवर धरायच्या आणि बोटांनी दाबायच्या. थोड्या वेळाने ओढून बघितलं तर पट्टी अखंड! मी वेड्यासारखी चार वेळा कापली.

बाईंनी छान समजावलं. यातल्या प्रत्येक रेणूला हात असतात. कापलं की हात सुटतात आणि नवा हात शोधायला लागतात. दुसरी कड मिळाली तर तिला धरतात. नाही मिळाली तर तासाभरात आपसातच हात धरून बसतात आणि मग ती कड कशालाच चिकटत नाही. इथे त्याला काप शिळा झाला म्हणतात. माझं काम एकच, शिळा न होणारा काप. एकदा जुळलेलं सोडवायचा उपाय म्हणजे कडक आच, भट्टीतली.

हातमोजे मात्र घालायचे नाहीत. मोज्यांची पूड कडेवर बसते आणि बोटांची ऊब लागतेच. इथली जुनी पद्धत आहे, मीही मोजे काढून ठेवले.

२१ तारीख, शुक्रवार

जमलं! सोमवारी कापलेली पट्टी आज जोडली आणि ती जुळली. बाई चक्क हसल्या. आनंदाच्या भरात ब्लेड माझ्याच अंगठ्यात गेलं, चांगलं खोल. पट्टी हातातच होती. फडकं शोधेपर्यंत जखम बंद, रेषसुद्धा नाही. बाईंनी अंगठा उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला.

२३ तारीख, रविवार

सफरचंद चिरून फोडी सहज अंगठ्याने एकत्र दाबल्या, तर त्या सुटेनात. चिमणी टाळ्या पिटत सुटली. आई, जोड, आई, अजून एक जोड, असं करत चार सफरचंदं चिरायला लावली. शेवटी एक अखंड फळ माझ्यापुढे धरून म्हणाली, "आता सोड की."

ते मला येत नाही म्हटल्यावर तिचा हिरमोड झाला. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. पण मला वाटला तो अभिमान.

२६ तारीख, बुधवार

सकाळी चिमणीचं नाक चोंदलेलं. रात्रभर तोंडाने श्वास घेऊन ओठ फुटले होते, रक्त आलं होतं. रडत म्हणाली, आई, जोड. मी दोन्ही ओठांवरून अंगठा फिरवला. भेगा मिटल्या, रडणं थांबलं. तिला काकूंकडे सोडून कामावर गेले.

यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. मी हसत हसत काकांना सांगितलं, ओठांचंही सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी डावा हात खिशातून काढला. तो हात मी आजवर पाहिलाच नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. शेवटची दोन बोटं मुळापासून टोकापर्यंत एक होती, त्यावर नखही एकच. चिरा पडलेल्या बोटांची मूठ करून डुलकी घेतली होती म्हणे.

"आमचा काप तासाभरात शिळा व्हायचा, म्हणून दोन बोटांवर भागलं," ते म्हणाले. "तुमचा होत नाही ना?"

मी धावत घरी आले. लाँड्रीबाहेरूनच चिमणीची बडबड ऐकू आली आणि मी पायरीवर बसून रडले.

संध्याकाळ

बोलतेय ती. बोल म्हणाले, खूप बोल. गोष्ट सांग, गाणं म्हण, काहीही. पण ओठांचा डावीकडचा कोपरा उघडत नाही. तिला वाटतं हा खेळ आहे. डोळे मिटायला लागलेत तिचे. ओठांमध्ये मऊ कापड ठेवलं आहे. मी जागी राहणार.

२७ तारीख, गुरुवार

डोळा लागला माझा. कापड उशीवर पडलं होतं.

जेमतेम फट राहिली आहे. नाक चोंदलेलं. काकांना फोन केला — आच लावणं शक्य नाही, ते म्हणाले, तेवढ्या आचेत कातडं — दवाखान्याची गाडी बोलावली आहे. वाट अडली आहे म्हणतात.

फट बुजली. ब्लेडने उघडली. ब्लेडच्या मागोमाग मिटत गेली. पुन्हा उघडली, अंगठ्याने धरून ठेवली, पेनची रिकामी नळी आत घातली. श्वास येतो आहे. शिट्टीसारखा वाजतो आहे.

पेनातल्या नुसत्या शाईच्या कांडीने लिहिते आहे, डाव्या हाताने. येतील त्या डॉक्टरांसाठी — मला बोलता आलं नाही तर — कापू नका. कापलं की —

अंगठा निघत नाही.

ओढला की तिची मान पुढे येते. टक लावून बघते आहे माझ्याकडे. बोटाने दाखवते, आधी माझा अंगठा, मग तिचे ओठ. कळतंय गं मला. सोड म्हणते आहे.

खाली गाडी वाजली बहुतेक. काकू ओरडताहेत. जिना —

अंगठा सरकतो आहे. मी सरकवत नाही. नळीच्या तोंडाकडे —

शिट्टी येते आहे. बारीक. येते आहे. अजून ये