गप म्हणजे होकार

प्रिय शिवकन्या,

तलवाड्याच्या मंडळींना मी तुझ्या लग्नाचा परस्पर शब्द दिला, म्हणून दिवाळीत तू न जेवता बीडला गेलीस. तीन महिने झाले, डी.एड.चं कसं चाललंय तेही कळवलं नाहीस. खाण तशी माती, हट्टात बापाच्या मागं कशी राहशील!

इकडे दुष्काळ हटायला तयार नाही. आपल्या दूध सोसायटीनं गुरांची छावणी काढलीय, अन् चेअरमन तुझा बाप. गेल्या आठवड्यात सभा झाली. आपली रीत तुला ठाऊकच आहे, सोसायटीचा सचिव राधाकिशन ठराव वाचायला लागला की तो संपायच्या आधीच सगळे ‘मंजूर, मंजूर’ ओरडतात. छावणीतलं पाणी पुढंही दुपारी दोनलाच सोडायचं, हा ठराव असाच झाला. तेवढ्यात मागून छबुबाई उठली. मी म्हणालो, बाई, झालं आता, तुमी गप होता म्हणजे मंजूरच की. तशी ती कडाडली, ‘गप होते, मंजूर कवा म्हणले? इचारलं का कुणी?’

सभा हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. पण दूधगाडीवाला इसाक म्हणाला, ‘अर्जुनराव, बाईचं ऐकून तर घ्या.’ मग ऐकलं. बाया पाचपर्यंत बंधाऱ्याच्या कामावर. घरचं माणूस आल्याशिवाय जनावर हौदावर नेतं कोण? त्या येईस्तोवर हौद कोरडा. महिनाभर त्यांची गुरं अर्धी तहानलेली. मी रोज त्यांच्यासमोरून जात होतो गं, ‘काय बाई, बरं हाय का?’ म्हणत, अन् उत्तराला थांबत नव्हतो. आता सहालाही पाणी सोडतो. छबुबाईची गाय परत दुधावर येतेय.

घरी येताना मला माझीच लाज वाटली. पाहुण्यांपुढं तू पोह्यांच्या बशा घेऊन खाली मान घालून उभी होतीस, अन् मी म्हणालो होतो, पोरगी गप हाय म्हणजे होकारच.

काल एस.टी.नं तलवाड्याला गेलो. मुलाच्या वडलांना, बद्रीनाथरावांना, हात जोडून सांगितलं की पोरीला न विचारता शब्द दिला, तो परत घेतो. ते लई तापले. पोराला गोठ्यातून बोलावून घेतलं, ऐक म्हणाले, हे काय म्हणतायत. पोरगं हळूच म्हणालं, ‘मलाबी कुणी इचारलं न्हाई.’ आम्ही दोघं बाप सारखेच निघालो. मग चहा झाला.

आता तुझ्यावर कुणाचाच शब्द नाही. मास्तरीण व्हायचंय का आणखी काही, लग्न कधी, कुणाशी, करायचं की नाही, ते तू सांगायचंस. लिहावंसं वाटलं नाही तर शनिवारी मीच येतो, कॉलेजच्या फाटकापाशी बसतो. आधी राग काढ पोटभर. मी मधे बोलणार नाही.

तुझाच,
आबा