कुसुमचं बाळंतपण करायचं कुठे?

सांगली, मार्गशीर्ष, १९४६. संकष्टी.

डिंक पाव शेर, बारा आणे. खारीक एक शेर, चौदा आणे. गावभागातून विश्रामबागेतल्या नव्या घरापर्यंत टांगा, एक रुपया. परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून टांगेवाला दोन्ही वेळचं भाडं घेतो.

माझी लेक कुसुम पहिलटकरीण. या नव्या घरी आल्यापासून तिचा हिवताप गेला, खिडकी उघडी टाकून गाढ झोपते. बाळंतपण इथेच करायचं मनात होतं. म्हणून आज जुन्या गल्लीत जाऊन गौरा सुईणीला, इकडे येशील का, विचारलं.

"आवं वहिनी, बंगला लय झ्याक हाय तुमचा. पण रातच्याला कळा आल्या तर त्या अंधाऱ्या वाटंनं मला कोन आननार? गरुड धाडताय व्हय? पोरीलाच हितं आना."

तिथे म्हणजे जुन्या गल्लीत, जाऊबाईंच्या खोलीत. भिंतींना ओल, दारात तुंबलेलं गटार. गेल्या साली त्यांचं बाळ त्याच खोलीत, पाचवी पूजायच्या आत गेलं. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही गेलात, समोरचे गेले. आता हाक मारली तर ओ द्यायला आहे कोण?"

हे म्हणतात, वर्षभरात इकडेही वस्ती होईल. पोर वर्षभर थांबणार आहे का? गजानना, तूच बघ. खिडकी उघडी, कुसुम शांत झोपली आहे.

शेवटी साताऱ्याला दादाला कार्ड लिहिलं: तुमच्या सदरबझारात हवा चांगली, दवाखानाही जवळ. कुसुमला ठेवून घेशील का? महिन्याने तिला प्रवास झेपणार नाही. वहिनीला विचार, आणि नाही असलं तरी उलट टपाली कळव.