मॉनिटर गड चढतो

६ मे १९४६, सोमवार

गवार बांधून आलेला कागद चुलीत घालणार तेवढ्यात नजर गेली — ‘शिक्षिका पाहिजेत’! गवार तशीच टाकली, कागद पोळपाटावर पसरला आणि उभ्या उभ्या वाचला. जिल्ह्यातल्या मुलींच्या इंग्रजी शाळांत, पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी. मॅट्रिक पास हवी. इंग्रजीची परीक्षा नगरला, लेखी आणि तोंडी, ‘शाळा व शिक्षण यांसंबंधीच्या शब्दांवर विशेष भर’. वय पंचविसाच्या आत.

येत्या भाद्रपदात मला पंचवीस पुरी. म्हणजे ही एकच वेळ. पुढच्या वर्षी मी म्हातारी!

आठ वर्षं माझं सर्टिफिकेट ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून आहे. मला एकदा फळ्यापुढे उभं राहायचंय. खडू हातात घेऊन. एवढंच.

ह्यांना जेवताना सांगितलं. कचेरीतल्यासारखा शेरा मारून मोकळे — “संगमनेरातच जागा मिळत असेल तर हरकत नाही.”

(जमाखर्चाच्या वहीची मागची पानं कोरी पडली होती. हे त्यांतच लिहिते. वाया का घालवा?)

७ मे

अर्ज टाकला. देवापुढे साखर ठेवली — रेशनची, म्हणून चिमूटभर. त्यालाही परिस्थिती ठाऊक आहे.

९ मे, गुरुवार

दत्ताचा उपास. रज्जाक मास्तरांकडून डिक्शनरी आणली. मास्तर पलीकडच्या बोळात राहतात, उर्दू शाळेतून पेन्शनीत निघालेले. पुस्तक देताना म्हणाले, “बेटा, पान दुमडायचं नाही, थुंकी लावायची नाही, आणि जेवताना उघडायचं नाही.” डिक्शनरी आहे की सोवळं!

शब्द उतरवायला वेगळी वही घ्यायची नाही असं ठरवलंय. जपाच्या माळेवर घेते. एका मण्याला एक शब्द — अटेंडन्स, सिलॅबस, डिक्टेशन, एक्स्पेल… मेरुमणी आला की माघारी. देवा, रागावू नकोस. तुझं नाव आधी घेते, मगच ही रांग सुरू करते.

१३ मे, सोमवार

पकडले गेले! आत्याबाई — माझ्या सासूबाई — कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही.

“ह्यो कंच्या देवाचा जप गं? शिलाबस, शिलाबस?”

वाटलं, आता माळ हिसकावून घेतात. सगळं सांगून टाकलं. त्यांनी सुपातले गहू दोनदा पाखडले, मग म्हणाल्या, “मंग मोठ्यानं म्हन की! तोंडातल्या तोंडात पुटपुटलं तर देवाला तरी ऐकू जाईल का?”

उद्यापासून मी म्हणायचं, त्यांनी ऐकायचं. प्रत्येकाचा अर्थही सांगायचा — ही त्यांची अट.

१८ मे, शनिवार

शब्द घरभर सांडलेत! बोका दोन दिवस फिरकला नाही — तो ‘ट्रूअंट’. शेळीने तुळशीला तोंड लावलं — “एक्स्पेल कर तिला, आत्ताच्या आत्ता!” शेजारची छबूबाई घडोघडी डोकावते, ती ‘इनिस्पेक्टर’. आज हे पाटावर उशिरा आले, तर आत्याबाईंनी ह्यांनाच विचारलं, “आप्पा, आटेंडन लागली का न्हाई तुजी?” हे घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी आमटीत बघत राहिले.

आज ‘मॉनिटर’ आला. डिक्शनरीत दोन अर्थ — वर्गावर लक्ष ठेवणारा विद्यार्थी, आणि घोरपड! आत्याबाईंना पहिला पटेना. “लोकाच्या पोराला घोरपड म्हनत्यात व्हय? आईबाप काय म्हनतील त्याचे?” मग एकदम उजळल्या. “अगं, ती गड चढायची ती! दोर बांधून सोडल्याली, सिंहगडाला!” झालं. आता मी ‘मॉनिटर’ म्हटलं की त्या आतून ओरडतात — “गड चढतो!” दिवसभरात वीस वेळा तरी.

१९ मे

स्वप्नात घोरपड हजेरी घेत होती. मी गैरहजर.

२८ मे, मंगळवार

दोन माळा पुऱ्या, दोनशे सोळा शब्द! ऐटीत मास्तरांकडे गेले. त्यांनी विचारलं, “व्हॉट इज अ टर्म?” मी म्हटलं, “सत्र.” “बेटा, इंग्रजीतून सांग.” तोंडाला कुलूप! शब्द सगळे येतात, वाक्य एक येत नाही.

मास्तर हसले. “दुकानात माल ठासून भरलाय, आणि गिऱ्हाईक आलं की तू फळ्या लावून घेतेस.”

घरी येऊन रडले. भाकऱ्या करपल्या. परीक्षेला सहाच दिवस राहिले.

३ जून, सोमवार

सर्व्हिस मोटारीने नगर. अंगावर बोटभर धूळ, तशीच परीक्षेला! हे बरोबर आले, बाहेर बाकावर बसले.

लेखी बरी गेली. तोंडी घ्यायला एक मडमबाई आणि शेजारी आपल्याकडचे एक कारकून. मडमबाईंनी अगदी सावकाश विचारलं, वर्गातला मॉनिटर काय करतो?

आणि माझ्या तोंडून निघालं — “मॉनिटर क्लाइम्ब्स द फोर्ट, मॅडम.”

कारकुनांनी रुमाल तोंडाशी नेला. मडमबाईंनी चष्मा वर केला. “व्हिच फोर्ट?”

आता मागे कुठे जाणार? सांगितलंच! कडा, अंधार, घोरपडीच्या कमरेला दोर, ती कशी माघारी फिरली, पुन्हा कशी सोडली, मग वर जाऊन कशी चिकटून बसली, आणि दोराला धरून माणसं कशी चढली — सगळं इंग्रजीतून! व्याकरण कुठे कुठे पडलं देव जाणे. पण थांबले नाही. शेवटी म्हटलं, वर्गातला मॉनिटरही असाच हवा, मॅडम. आधी आपण चढावं, मग बाकीच्यांना दोर द्यावा.

मडमबाईंनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, सकाळपासून मी शब्द ऐकते आहे, बोलल्या तुम्ही एकट्या.

बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. कपाळाला हात! “घोरपड? सरकारी परीक्षेत?”

४ जून

आत्याबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, “मंग? त्यात खोटं काय हाय?”

१३ जून, गुरुवार

उपास. पोस्टमन बोळात आला. छबूबाईकडे थांबला. आमच्याकडे नाही.

२० जून, गुरुवार

पास! तोंडी परीक्षेत पहिली!! देवापुढे डोकं टेकलं, आत्याबाईंच्या पायावर टेकलं, मग पत्रातली पुढची ओळ वाचली.

नेमणूक राहात्याला. दहा दिवसांत हजर व्हावे.

संगमनेर नाही.

हे हळू आवाजातच बोलले, रागावले नाहीत. “मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. परगावी तू एकटी राहणार कशी? आणि इथं आईचं कोण करणार?” आत्याबाईंचे गुडघे धरतात, चुलीपुढे त्यांना बसवत नाही. त्यांना टाकून फळ्यापुढे उभी राहिले तर खडू हातात टिकेल का?

आत्याबाई उंबऱ्याशी वाती वळत होत्या.

२१ जून

नकाराचं पत्र लिहायला घेतलं. ‘आय रिग्रेट’ — हा शब्द माळेवर नव्हता, तरी बरोबर आला. अर्धं झालं. पुढे हात चालेना. देवाच्या कोनाड्यात ठेवलंय. बाकीचं उद्या.

२२ जून, शनिवार

उठले तर कोनाड्यात पत्र नाही. चुलीपुढे हे! हातात फुंकणी, डोळ्यांतून पाणी, नाकावर काजळी. शेजारी पाटावर आत्याबाई — “फुंक, आप्पा, आनी फुंक. तुज्या बायकूचा कागद घातलाय, लगीच पेटंल. आमी दोगी सोमवारी राहात्याला चाललो, तुला सैपाक कराया यायला नको व्हय?”