रोजचं एक वाक्य

रक्ताच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाची पहिलीच चाचणी ज्या सहा जणांवर चालली होती, त्यांत महाळुंग्याचा सयाजी होता. औषध डोक्यात चढलं तर आधी अक्षर बिघडतं, म्हणून सिस्टरनं त्याला रोज वहीत एकच ठरलेलं वाक्य लिहून फोटो पाठवायला लावलं होतं. त्या सकाळी त्यानं बायकोसाठी सावकाश, मन लावून चिठ्ठी लिहिली आणि डब्याखाली ठेवली:

"अंजना, तू मंचरला गेलीस म्हणून लिहून ठेवतोय. मोटरसायकल घेऊन डिंगोऱ्याला लेकीकडं चाललोय. डॉक्टरनं गाडी चालवू नको म्हणलंय, ठाऊक हाय मला, बोंब मारू नको. आज डोकं लई लख्ख हाय. वहीत वाक्य लिहिलं न्हाई. ह्या चिठ्ठीचाच फोटो सिस्टरला धाड, अक्षर कसं सरळ आलंय बघ. कुत्र्याला भाकर टाक. सांजच्याला येतो."

दुपारी अंजनानं डब्याखालचा कागद उचलला. पानभर ते रोजचंच वाक्य होतं, 'आमच्या विहिरीला बारमाही पाणी आहे', वीसेक वेळा, आणि शेवटी शेवटी नुसत्या रेघा. अंगणात मोटरसायकल नव्हती. तो कुठं गेला, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं.